कुकरच्या कानांचा व्हिडिओ गेम

जो माणूस बायकोला "जरा टीव्ही दे गो" हे चार शब्द म्हणायला लागू नयेत म्हणून सहा महिने खपून, पडद्यासकट आणि बॅटरीसकट, गळ्यात अडकवायचा व्हिडिओ गेम तयार करतो, त्याला हुशार म्हणावं की येडा, हे शहापुरात अजून ठरलेलं नाही. मला विचाराल तर माझं मत पक्कं आहे. पण मी त्या माणसाच्या घरात दहा महिने राहिले, त्यांच्या घरचं मीठ खाल्लं, तेव्हा जरा सांभाळून बोलते. सांभाळून म्हणजे, येडेच होते ते.

दोन हजार सालाच्या आगेमागची गोष्ट. मी मुरबाडची. शहापूरच्या एका कचेरीत मला आवक-जावक टेबलावर नोकरी लागली. मुरबाडहून किन्हवलीवरून एसटीनं रोज येऊन-जाऊन करायचं, आणि संध्याकाळची गाडी चुकली की कोणाच्या तरी ओटीवर बसून राहायचं. बाबांनी सरळ सांगितलं, "आठ दिवसांत चांगल्या घरात खोली मिळाली तर नोकरी. नायतर गप घरी ये, एक स्थळ सांगून आलंय." म्हणजे खोली गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की मी त्या न बघितलेल्या स्थळाच्या घरी भाकऱ्या थापायला. आणि एकट्या मुलीला खोली द्यायची म्हटल्यावर लोक असे बघायचे, जसा काही मी तिथं दारूचा गुत्ता घालणार होते.

सातव्या दिवशी मी ह्या दारात उभी राहिले. मालकांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगार विचारला नाही. त्यांनी विचारलं, "आवाज कसा हाय तुमचा?"

मला वाटलं, भजनी मंडळात घेतायत की काय.

"स्वयंपाकघरातून मागच्या पडवीपत्तर ऐकू जाईल का?"

मी म्हटलं, "जाईल."

"मंग ऱ्हावा. पन एक अट हाय म्याडम. निरोप जसाच्या तसा सांगायचा. आपलं काय जोडायचं नाय, काय गाळायचं नाय. तुमच्या आधीचे बँकवाले भाडेकरू जोडायचे. काढले त्यांना."

मी मान डोलावली. तेव्हा मला खोलीसाठी कोणी ताशे वाजवायला सांगितले असते तरी वाजवले असते.

दोन दिवसांत उलगडा झाला. नवरा-बायकोत अबोला होता, माझ्या आधी आठ महिने सुरू झालेला. आता अबोला आमच्याकडे काही नवा नाही. आमच्या घरी आईचा आणि आत्याचा एका गौरीपासून दुसऱ्या गौरीपर्यंत टिकला होता. पण अबोल्याचीसुद्धा एक रीत असते. माणूस हवेत बोलतो, भिंतीशी बोलतो, "कोणाला चहा पाहिजे असेल तर झाकून ठेवलाय" म्हणतो, आणि असं करत करत एक दिवस भांडण आपोआप विरतं. मालकांना हे हवेतलं बोलणं मंजूर नव्हतं. "निरोपाला माणूस पायजे," म्हणायचे. "कंपनीत नाय का, वर्कर आन् सायबाच्या मधी सुपरवायझर असतो?" तर हा सुपरवायझर म्हणजे भाडेकरू.

कंपनी कंपनी करायला कारण होतं. कल्याणच्या बाजूला एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं मेन्टेनन्सचं काम केलं. मग कारखान्यात नवी मशिनं आली आणि जुन्या माणसांना मुदतीआधीच घरी बसवलं. मालक घरी आले, पण कारखाना त्यांच्यातून बाहेर पडला नाही. रोज सकाळी आठाला डबा घेऊन ते पुढच्या दारानं बाहेर पडत, अंगणातल्या फणसाला वळसा घालत, आणि मागच्या पडवीत कामावर हजर होत. दहाला आणि तीनला लोखंडी अँगलवर पाना आपटून चहाची सुट्टी जाहीर करत. दुपारी तो डबा खात, काकींच्या चुलीपासून अकरा पावलांवर बसून. काकी म्हणजे मालकीणबाई. अबोला असो की नसो, डब्यात एक दिवस खाडा नाही. पाच वाजता साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, पुन्हा फणसाला वळसा घालायचा आणि पुढच्या दारानं घरी यायचं. आल्यावर उंबऱ्यात चपला काढत म्हणायचे, "आज लय काम होतं." आधी हे ते काकींना सांगायचे. आता मला सांगायचे, आणि मी ते आत जाऊन काकींना सांगायचे. काकी म्हणायच्या, "बसा म्हणावं, दमला असाल."

काम काय, तर शेजाऱ्याचा पंखा, कोणाची इस्त्री, कोणाचा पाण्याचा पंप. प्रत्येक कामाचं जॉब कार्ड. घरात येणाऱ्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या पाठीवर हे लिहीत, जॉब, काम, त्रुटी, शेरा, आणि खाली सही. घरातल्या घड्याळाचंही कार्ड होतं. "माणूस चुकंल, मशीन चुकत नाय," हे त्यांचं ब्रीद. त्यामुळे बिघडलेल्या वस्तूकडे ते आजारी माणसाकडे बघावं तसे बघत आणि ती घेऊन आलेल्या माणसाकडे आरोपीकडे बघावं तसे.

तर भांडण कशावरून झालं ते ऐका. गणपतीत मंडळानं सोडत काढली. मालकांनी पावती काकींच्या नावानं फाडली, बायकांच्या नावाला नंबर लागतो म्हणून. लागला खरा. पहिला नंबर मोटरसायकलचा होता; काकींना लागला तो चौथा, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. एक डबा, वर कॅसेट खोचायची खाच, आणि वायरीला लटकणारे दोन रिमोट.

त्यात रणगाड्यांचा खेळ होता. पिवळा रणगाडा मालकांचा, हिरवा काकींचा. पडद्याच्या तळाशी विटांच्या कुंपणात एक पक्षी बसलेला. वरून शत्रूचे रणगाडे येतात, दोघांनी मिळून त्यांना उडवायचं आणि पक्षी राखायचा. पक्षी मेला की खेळ खलास. आणि त्यातली मेख अशी, की तो पक्षी आपल्या स्वतःच्या गोळीनंही मरतो.

पन्नाशी उलटलेली ही दोघं. एकुलती मुलगी भिवंडीला दिलेली. दुपारची भांडी तशीच टाकून दोघं रणगाडे चालवायची. काकींच्या हिरव्या रणगाड्याच्या रिमोटला नाचणीचं पीठ लागलेलं असायचं. शेजारीण मला सांगायची, त्या दोन-तीन महिन्यांत त्या घरातून जेवढं हसू ऐकू आलं तेवढं त्यांच्या लग्नापासून आलं नव्हतं. मालक म्हणे तीनच्या चहाला पडवीतून जे यायचे ते परत कामावर जायचेच नाहीत. कारखान्यात असते तर मेमो मिळाला असता.

मग एका दुपारी ती दोघं कधी नव्हे एवढी पुढं गेली. शेवटचा एक शत्रू उरलेला, आणि पक्षी मेला. आपल्याच गोळीनं. मालक म्हणाले, "तुजी गोळी." काकी म्हणाल्या, "तुमची." गोळ्या दोन्ही पांढऱ्या. मालक म्हणाले, "बत्तीस वर्षं मशीन चालवलीय मी." आणि काकी बोलून गेल्या, "हो ना, त्या मशीनीनंच तुमाला घरी बसवलं."

झालं. तोंडातून गेलं ते गेलं. मालक उठले ते फणसाला वळसा न घालताच पडवीत गेले. अबोला तिथून सुरू.

मग वाटणी झाली, आणि एवढी चोख वाटणी तलाठ्यालाही जमली नसती. टीव्ही काकींच्या भावानं दिलेला, म्हणून टीव्ही काकींचा. डबा मालकांनी काखेत मारून नेला, म्हणून डबा मालकांचा. काकींचा रिमोट त्यांच्या हातातच होता. तो त्यांनी उपटून नेला आणि स्वयंपाकघरात उलथन्याशेजारी खिळ्याला टांगला. पडदा एकीकडे, डबा दुसरीकडे, खेळ कोणालाच नाही.

ह्या दोन राज्यांच्या मधे मी. आणि दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेली असताना मधे उभं राहून बोलायचं, हे किती अवघड असतं ते करून बघा.

"सांगा त्यांना, आमटीत मीठ नाय."

मी काकींना सांगायचे, "आमटीत मीठ नाही म्हणतात."

"सांगा त्यांना, मीठ ताटात वाढलंय. हात दिलाय देवानं."

"मीठ ताटात आहे, हात दिलाय देवानं."

"कळलं म्हनून सांगा."

"कळलं म्हणतात."

कचेरीत आवक-जावक, घरी आवक-जावक. कचेरीत निदान मारायला शिक्का तरी होता. पण मी जोडत नव्हते, गाळत नव्हते. मला खोली हवी होती. आणि खोटं कशाला बोलू, मनात कुठंतरी हेही होतं की ह्यांचा अबोला आहे तोवर माझी खोली आहे. संकष्टीला गणपतीपुढं हात जोडताना मी ह्या दोघांसाठी काही मागितलं नाही.

मी राहायला गेल्यानंतर महिन्याभरानं मालकांनी नवं जॉब कार्ड फाडलं. "जॉब: गेम, हातात धरायचा. पडदा स्वतंत्र. मुदत: होईल तेव्हा." मला दाखवून म्हणाले, "कोनाच्या टीव्हीची गरज नाय आपल्याला."

उल्हासनगरहून त्यांनी एक छोटा ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही आणला. पडदा वीतभरही नव्हता, पण मागं पडद्याच्या नळीचं पोट हे एवढं. त्याचं कवच काढलं. गेमच्या डब्याचं कवच काढायला स्क्रू ड्रायव्हर लावला, तेवढ्यात काकींचा निरोप आला. "सांगा त्यांना, पावती माझ्या नावाची होती. डबा फोडायचा असंल तर माझी सही लागंल."

मला वाटलं आता जुंपणार. मालकांनी दोन मिनिटं विचार केला आणि कार्डावर पट्टीनं रकाना आखला, "मालकाची संमती", म्हणजे ज्याच्या नावाची वस्तू त्याची. मी कार्ड घेऊन आत गेले. काकींनी हात पुसले, चष्मा लावला, कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली. का केली, ते तेव्हा मला कळलं नाही. मी आपली वाट बघत उभी होते, की आता काहीतरी झणझणीत घेऊन जावं लागणार.

मग पडवीत सोल्डरिंगचा धूर सुरू झाला. घरातल्या दोन्ही इमर्जन्सी दिव्यांच्या बॅटऱ्या गेल्या. जुन्या रेडिओची लाकडी पेटी गेली. एकदा पडवीतून धाडकन आवाज आला आणि "आई गं" ऐकू आलं. मी धावत गेले तर मालक भिंतीला पाठ लावून बसलेले, केस उभे. नळीत राहिलेल्या करंटनं दणका दिला होता.

"म्याडम, आत काय सांगू नका."

आतून काकी. "विचारा, पडलं ते काय होतं?"

"सांगा, पाना पडला."

मी सांगितलं. काकी म्हणाल्या, "सांगा त्यांना, पाना पडल्यावर आई गं म्हणत नाय." आणि साखर घातलेलं पाणी माझ्या हातात दिलं. त्याच्याबरोबर निरोप काही दिला नाही.

दुसऱ्या आठवड्यात काकींनी मोठा कुकर काढला, तर त्याला दोन बाजूंना असतात ते काळे कान नाहीत.

"त्यांना विचारा, कुकरचे कान कुठं गेले?"

"सांगा, कान जॉबवर गेलेत."

काकी पुढं सगळे दिवस तो कुकर फडक्यात धरून उतरवत होत्या. कान गेमच्या दोन बाजूंना बसले. हातात धरायचा जॉब, तर धरायला काहीतरी नको का?

असा तो सहा महिन्यांनी तयार झाला. रेडिओची पेटी, मधे वीतभर काच, खाली बटणं बसवलेली, वर कॅसेटची खाच, दोन बाजूंना कुकरचे कान, आणि गळ्यात अडकवायला प्रवासी बॅगेचा पट्टा. मालकांनी तो वाण्याच्या तागडीत घातला. सव्वापाच किलो भरला. वाणी म्हणाला, "आवो, हा हातात कोन धरनार?" मालक म्हणाले, "पोर्टेबल हाय." पट्ट्यानं मानेवर लाल वळ उठायचा, पेटी तापून पोटावर घामोळं यायचं. पण चालला हो. पहिल्या बटणाला चालला. मी कितीही नावं ठेवली तरी हे कबूल करायला लागतं. त्या काचेत करडा रणगाडा हलला तेव्हा मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि ते सवयीनं स्वयंपाकघराकडे वळून "गो" म्हणाले आणि तिथंच तोंड मिटलं.

पुढचे दोन महिने मालक ती पेटी घेऊन हिंडले. डोळखांबच्या बाजूला काकींच्या नात्यात लग्न होतं. दोघांना एकाच लग्नाला जायचं, म्हणजे मला रजा टाकून जाणं आलं. एसटीत कंडक्टरनं पेटीचं लगेज मागितलं. मालक म्हणाले, "हातात धरायची वस्तू हाय, हिचं लगेज लागत नाय." कंडक्टर म्हणाला, "मंग हातात धरा." मालकांनी शहापूर ते डोळखांब सगळ्या घाटवळणांनी ती पेटी हातात धरली. काकी पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

मांडवात मालक खुर्ची पकडून बसले आणि मंगलाष्टका चालू असताना रणगाडा चालवायला लागले. अक्षता कॅसेटच्या खाचेत. थोड्या वेळानं बघते तर एक म्हातारी त्यांच्यापुढं पदर सावरून उभी, तिच्या मागं अजून दोघी. त्यांना वाटलं, सरकारी डॉक्टर पोट तपासायचं मशीन घेऊन आलाय. बायकांत कोणीतरी काकींना विचारलं, "त्ये तुमचेच ना गो?" काकींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांना विचार."

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. मालक एका ठरावीक टप्प्यापुढं जात नव्हते. रोज तिथंच मरायचे. पुढं होऊन शत्रू गाठावा तर मागं पक्षी मरतो, पक्ष्याजवळ बसावं तर शत्रू जमा होतात. तो खेळच दोघांचा. एकट्यानं राखायचा पक्षी नव्हता तो. मालकांनी सोल्डरिंग तपासलं, बॅटऱ्या तपासल्या, कॅसेट पुसून बघितली. मशीन चुकत नव्हतं. मग त्यांनी तीन दिवस पेटीला हात लावला नाही, पडवीत नुसते बसून राहिले. चौथ्या दिवशी ड्रिल काढलं आणि पेटीच्या उजव्या बाजूला, कुकरच्या कानाखाली, एक भोक पाडून सॉकेट बसवलं.

काकींना स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. "विचारा त्यांना, ते भोक कशाला पाडलं?"

मी पडवीत गेले. मालकांनी वर बघितलं नाही. "सांगा, स्पेअर हाय."

पडवीपासून स्वयंपाकघर अकरा पावलं. मी परत आले तेव्हा काकी खिळ्यावरचा रिमोट काढून पदरानं पुसत होत्या. मी तो रोज बघायचे, तरी तेव्हाच नीट बघितला. दीड वर्ष रोज पुसलेला, वायर नीट गुंडाळून रबर लावलेली, नाचणीच्या पिठाचा मागमूस नाही. मला भडभडून आलं, खरंच सांगते. आणि रागही आला दोघांचा. म्हातारपणी माणसं एवढी मूर्ख असतील तर आम्ही लग्नं करायची कशाला? डोळ्यांपुढं तो काढून टाकलेला बँकवाला आला, बाबा आले, ते स्थळ आलं. आणि मी म्हटलं, "तुमच्यासाठी आहे म्हणाले."

जोडलं. दहा महिन्यांत एकदाच.

काकींचा हात थांबला. "हो का," म्हणाल्या, आणि रिमोट परत खिळ्याला टांगला. मी खोलीत जाऊन बॅग कुठं आहे ते बघून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तीन वाजता मालकांनी अँगलवर पाना आपटला. एरवी चहा माझ्या हातून जायचा. त्या दिवशी काकी स्वतः आल्या. एका हातात कपबशी, दुसऱ्या हातात रिमोट. कपबशी खाली ठेवली, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगा त्यांना, सरका म्हनावं जरा." मी सांगायच्या आत मालक सरकले होते.

वायर सॉकेटात गेली. आता त्या वीतभर काचेत दोघांना दिसायचं तर डोक्याला डोकं लावल्याशिवाय गती नाही. काकींचा अंबाडा मालकांच्या कानाला लागत होता. मी मागं उभी, माझी नोकरी पार पाडायला तयार.

खेळ सुरू झाला आणि तिथं मालकांची बत्तीस वर्षांची हुशारी उघडी पडली. टीव्ही होता ब्लॅक-अँड-व्हाइट. पिवळा रणगाडाही करडा, हिरवाही करडा. एकटे खेळत होते तोवर प्रश्न आला नव्हता. आता पडद्यावर दोन सारखे ठिपके, आणि कोणता कोणाचा ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. रंगाचा विचार ह्या माणसानं केलाच नव्हता.

"सांगा त्यांना, डावीकडून येतोय," काकी म्हणाल्या.

मी म्हटलं, "डावीकडून येतोय म्हणतात." तोवर तो येऊन मारूनही गेला होता.

"सांगा, माझ्या वाटंत येऊ नका."

"त्यांच्या वाटेत..."

"सांगा त्यांना, ह्यातली मी..." काकी थांबल्या. पडद्यावर दोन शत्रू खाली सरकत होते. त्यांनी माझा नाद सोडला आणि मालकांच्या दंडाला कोपर मारलं. "ओ, ह्यातली मी कोनची?"

मालकांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "थांब. हलून बघ."

"हलतेय की."

"मंग ती तू. नाय, नाय, ती मी. तू खालची. पक्षी बघ, पक्षी बघ गो."

आणि मग जो कलकलाट सुरू झाला तो मधे कोणी माणूस ठेवून होण्यासारखा नव्हता. इकडं ये, तिकडं जा, मी मेले, तू नाय मी मेलो, उजवीकडं, तुमची उजवी का माझी. मालकांचा ठरावीक टप्पा कधी मागं पडला कोणाला कळलं नाही. शेवटी एकच शत्रू उरला. दोघांनीही गोळ्या झाडल्या आणि पक्षी मेला. आपल्याच गोळीनं.

मी दोघांच्या पाठींकडे बघत होते. अबोला परत सुरू झाला असता तर माझी खोली वाचत होती, आणि तरी त्या क्षणी मला खोली नको होती.

"कोनाची गोळी?" मालकांनी विचारलं.

"कळलं नाय," काकी म्हणाल्या.

"मला बी नाय."

मग काकींनी कुकरच्या कानावरून बोट फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मशीन चांगलं केलंत हो तुमी."

"जॉब म्हंजे जॉब," मालक म्हणाले. चहा गार झाला होता. काकी दुसरा ठेवायला उठल्या आणि उठताना दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं. ही कोण इथं उभी आहे, असं बघितलं.

आठवडा गेला. घरात सकाळपासून बडबड. मी कचेरीतून यायचे तर मला 'सांगा' म्हणणारं कोणी नाही. एकदा सवयीनं मी म्हटलं, "काकी, मालक म्हणतायत..." काकी म्हणाल्या, "ऐकलं गो मी. बहिरी नाय."

पुढच्या रविवारी दोघांनी मला समोर बसवलं. "म्याडम, खोली लागनार हाय," मालक म्हणाले, "वर्कशॉप पुढं आनायचाय." त्याच वेळी काकी म्हणाल्या, "मुलगी येनार हाय बाळंतपनाला." दोन तोंडं, दोन कारणं. जुळवून घ्यायला मधे माणूस राहिला नव्हता ना.

पण काकींनीच आसनगावला एका एकट्या राहणाऱ्या मास्तरणीकडे शब्द टाकून ठेवला होता, म्हणून नोकरी राहिली आणि ते स्थळ टळलं. बाबांना मी सांगितलं, स्टेशन जवळ पडतं. मास्तरणीचं कोणाशी भांडण नव्हतं, की कोणाशी प्रेम नव्हतं. तिनं माझा आवाज विचारला नाही.

निघताना मालकांनी मला पाकीट दिलं. मला वाटलं, आशीर्वादाचे अकरा रुपये असतील. आत लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवरचं जॉब कार्ड होतं, मी राहायला आले त्या दिवशी फाडलेलं. माझं.

"जॉब: म्याडम. काम: निरोप, आवक-जावक. आवाज: चांगला. त्रुटी: एकदा आपलं जोडलं. शेरा: काम पूर्ण, कार्ड बंद." खाली मालकांची सही. त्याच्या खाली 'मालकाची संमती' म्हणून काकींची सही. आणि 'त्रुटी' ह्या शब्दावर कोणीतरी पेन्सिलीनं काट मारून बाजूला काकींच्या मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "ही त्रुटी नाय."

मी कार्ड वाचत होते आणि मागं दोघांचं सुरू झालं होतं. "कार्डावर काट मारायची नसते गो." "मारली. काय करनार?" "अगो, पन नियम हाय." मी बॅग उचलली आणि फणसाला वळसा घालून बाहेर पडले. त्यांचं भांडण रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं आणि त्यात मला कोणी बोलावत नव्हतं.